दोऱ्यांची फुली

गल्लीतले सगळे तिला मावशी म्हणत. कुणाची पँट आखूड करून दे, कुणाच्या पडद्याला किनार लावून दे, असं घरबसल्या शिवणकाम करता करता ती सगळ्यांचीच मावशी होऊन बसली होती. जावई बोटीवर नोकरीला, म्हणून लेक तान्ह्या मुलाला घेऊन तिच्याकडेच राहत होती. नातू रडका होता, घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि नेमक्या त्याच दिवसांत मागच्या अंगणातलं वाढलेलं गवत कापताना मावशीला सशाची पिल्लं सापडली.

गवताखाली एक लहानसा खळगा होता. सशिणीनं आपल्याच छातीचे केस उपटून त्यात अंथरले होते आणि त्या भुऱ्या मऊ केसांत ती डोळे मिटलेली पिल्लं एकमेकांना बिलगून पडली होती. आई कुठं दिसेना. दुपार कलली तरी कुणी फिरकलं नाही, तेव्हा मावशीच्यानं राहवेना. चपलांच्या खोक्यात जुना बनियन घालून तिनं त्यांना शिवणयंत्राच्या खोलीत आणलं.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण खोक्यात डोकावून हसली. "मावशी, ही काही पोरकी नाहीत. चांगल्या घरची पोरं पळवून आणलीत तुम्ही."

मग तिनं समजावून सांगितलं. सशीण दिवसभर पिल्लांजवळ बसत नाही, कारण तिच्या वासावर कुत्री माग काढतात. ती लांब राहून घरट्यावर नजर ठेवते, आणि पहाटे नि तिन्हीसांजेला घाईघाईनं पाजून निघून जाते. "पिल्लं परत ठेवून या. वरून दोऱ्यांची फुली घाला. सकाळी दोरे विस्कटलेले दिसले तर आई येऊन गेली. नाही विस्कटले, तर पोरं तुमच्या गळ्यात."

"किती शांत आहेत हो," मावशी कौतुकानं म्हणाली.

"शांत कसली? तुम्ही जवळ आलात की श्वास रोखून धरतात. तुम्ही खाणार असं वाटतं त्यांना. आई जवळपास असती तर तिनं मागचा पाय आपटला असता. धोका दिसला की आपटतात त्या."

मावशीनं कच्ची शिलाई घालायचा पांढरा दोरा घेऊन खळग्यावर फुली घातली. सकाळी ती तशीच्या तशी होती. स्वतःच्या मूर्खपणाला बोल लावत तिनं पिल्लं पुन्हा आत आणली आणि ड्रॉपरनं दूध पाजायला सुरुवात केली.

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी ती ड्रॉपर घेऊन बसली, तर पिल्लं तोंड उघडेनात. त्यांची पोटं टम्म होती.

"तू पाजलंस का गं यांना?" तिनं लेकीला विचारलं.

"मी? माझ्या एकाचंच होईना मला. आणखी चार कुठून पाजू?" लेक हसली, म्हणून मावशीही हसली.

त्या संध्याकाळी तिनं खोक्यावर दोऱ्यांची फुली घातली. सकाळी दोरे बाजूला झाले होते, आणि बनियनवर सशाच्या केसांऐवजी लांब काळ्या केसांचा पुंजका मायेनं दाबून बसवलेला होता. लेकीच्या कानामागची जागा बोडकी दिसत होती. "बाळंतपणानंतर जातातच केस, आई," ती म्हणाली आणि पदरानं कान झाकून घेतला.

हळूहळू नातू रडेनासा झाला. आधी मावशीला हायसं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की लेक दिवसभर पाळण्याकडे फिरकतच नाही. ती अंगणाच्या पार टोकाला, कुंपणापाशी पाय पोटाशी घेऊन बसते आणि घराकडे बघत राहते. मावशी नातवाला घेऊन बसली, तर लेक दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "सारखी त्याच्याजवळ बसू नकोस गं. वास लागतो."

"कुणाला वास लागतो?"

लेक परत कुंपणापाशी जाऊन बसली. पोर उपाशी तर राहत नाही ना, या विचारानं मावशीला घास गोड लागेना. बाटलीनं दूध द्यावं तर तो ओठ घट्ट मिटून घेई, आणि तरी त्याचे गाल दिवसेंदिवस भरत चालले होते.

शेवटी एका दुपारी तिनं झोपलेल्या नातवाच्या पाळण्यावर काठापासून काठापर्यंत कच्च्या दोऱ्यांची फुली घातली. पाळण्याची खोली आणि यंत्राची खोली, दोन्हींची दारं दिसतील अशी ती ओटीवर काजं करत बसली. पाळण्याच्या खोलीत कुणीही गेलं नाही. उजेड कमी झाला तशी लेक अंगणातून उठून आली, त्या दाराकडे न बघता पुढे गेली आणि यंत्राच्या खोलीत शिरली. मावशी पाय न वाजवता तिच्या मागे गेली. लेक खोक्यावर ओणवी झाली होती. पोलक्याची बटणं सोडलेली होती, डोळे मिटलेले होते, आणि खोक्यातून चुटूचुटू दूध ओढल्याचा आवाज येत होता.

मावशी तशीच मागे फिरून, बाटली घेऊन नातवाकडे धावली.

पाळण्यावरचे दोरे विस्कटून खाली लोंबत होते. नातवाच्या अंगाभोवती भुऱ्या मऊ केसांचं अंथरूण होतं. त्याचं पोट टम्म होतं आणि ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा ओला थेंब होता.

"माझं सोनं ते," असं पुटपुटत ती त्याला उचलायला वाकली. तिची सावली अंगावर पडताच बाळ थिजलं. डोळे सताड उघडे ठेवून, तिच्याकडे बघत, त्यानं श्वास रोखून धरला.

मावशीचे हात तसेच अधांतरी राहिले. पाळण्याखालच्या अंधारात कुणीतरी एकदाच, जोरात, पाय आपटला.