वास मोजणाऱ्या यंत्राचे शून्य

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, असे तुम्हाला घरी नेहमी सांगत असतील. मला मात्र त्याच कामासाठी बनवले आहे. मी वाराणसीच्या एका सरकारी कचेरीतला जुना वायुमापक आहे. हातात मावेल एवढा, पिवळ्या अंगाचा, समोर आकडे दाखवणारी छोटी काच. शेण-मूत्र साचून कुजले की त्यातून अमोनिया नावाचा तिखट वायू निघतो. तो डोळ्यांना झोंबतो, घशात खवखवतो. हवेत तो किती आहे, एवढेच मला कळते. जिलेबीचा वास मला येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

कारखान्यात माझ्या पोटात वास ओळखणारा सेल बसवला आणि मला शुद्ध हवेच्या नळीपुढे धरले. तिथे माझे बटण दाबून मला पहिला धडा शिकवला, की ही हवा म्हणजे तुझे शून्य. पुढचे सगळे इथून मोजायचे. तुम्ही उंची मोजताना पट्टी जमिनीला टेकवता ना? तसेच हे.

कचेरीत मी विद्युल्लता मॅडमच्या हाती आलो. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या ब्रह्मा घाटावर राहते. घरी मराठी, बाहेर पडले की हिंदी. शहराबाहेरचे तबेले नियम पाळतात की नाही, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. शेणाच्या टाकीवर झाकण हवे, घाण पाणी उघड्या नाल्यात जाता कामा नये, वास वस्तीत शिरता कामा नये. पहिली दोन वर्षे मला सगळ्यांनी डोक्यावर घेतले होते. म्हशी मला हुंगायच्या आणि मी म्हशींना.

मग ती मे महिन्यातली दुपार आली. रामदुलारी नावाच्या बाईंनी तिसऱ्यांदा अर्ज केला होता. त्यांच्या घराची भिंत एका मोठ्या तबेल्याला लागून होती आणि त्यांना दमा होता.

"मैडम, खिड़की खोलूँ तो दम घुटता है, बंद करूँ तो गरमी मार डालती है," त्या म्हणाल्या.

आम्ही तबेल्यात गेलो. मालक फार अदबीने वागले. त्यांनी मॅडमना फाटकाजवळच्या खोलीत बसवले आणि मातीच्या कुल्हडात लस्सी दिली. खिडकीमागेच शेणाची उघडी टाकी होती. आल्या आल्या मॅडमनी नाकाला रुमाल लावला होता. लस्सी संपेपर्यंत तो रुमाल पर्समध्ये गेला. माणसाच्या नाकाची ही मोठी गंमत आहे. तोच वास फार वेळ आला की ते कंटाळते आणि सांगायचेच सोडून देते.

तिथेच मॅडमनी मला चालू केले. चालू झालो की मी काचेवर विचारतो, शून्य करू? उन्हाने त्या दमल्या होत्या, बोलण्यात होत्या. त्यांनी बटण दाबले.

मी आतल्या आत किती ओरडलो म्हणून सांगू! पण मला आकड्यांशिवाय तोंड कुठे आहे? टाकीवरची ती कुजकी हवा माझे शून्य होऊन बसली. मग रामदुलारींच्या खिडकीशी नेले तेव्हा माझ्या काचेवर आला आकडा दोन.

मॅडमनी तो वाचून दाखवला, तशा रामदुलारी काचेकडे पाहतच राहिल्या. "नाक तो झूठ नहीं बोलती, मैडम."

"मशीन तो यही बता रही है, अम्मा," मॅडम म्हणाल्या.

अहवालात 'नियमानुसार' असे लिहिले गेले आणि मॅडमनी खाली सही केली. आता तक्रार बंद होणार होती. त्या बाईंना मी खोटे पाडले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

घाईत मला बंद करायचे राहून गेले. संध्याकाळी मॅडम वडिलांसोबत ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. वडील दत्तात्रेयशास्त्री म्हणजे जन्मभर मुलांना वेद शिकवलेला माणूस, पण कुतूहल माझ्यापेक्षा दांडगे. पिशवीत काहीतरी चमकते आहे, हे पाहून त्यांनी मला बाहेर काढले. गंगेवरून वारा येत होता. त्यात अमोनिया जवळजवळ नव्हताच.

"विद्या, हे उणे अकरा दाखवतंय," ते म्हणाले. "बिलकुल वास नाही, त्याच्याहूनही कमी वास कसा असतो गं?"

"मशीन खराब झाली असेल, बाबा."

"खराब असेल. पण मग दुपारी ठीक होती का?"

मॅडमनी मला हातात घेतले. पर्समधला रुमाल काढून माझ्या शेजारी धरला. मग म्हणाल्या, "बाबा, माझा रुमाल. मी तो आत ठेवला तेव्हाच समजायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना स्वतःच्या हाताने लिहून दिले, की माझा अहवाल चुकला आहे. त्या गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळले असते? मग सकाळी घाटावर माझे शून्य नीट करून आम्ही पुन्हा रामदुलारींच्या खिडकीशी गेलो. काचेवर तेरा आले. मालकांनी जुना कागद पुढे केला.

"मैडम, दस्तखत तो आप ही का है."

"जी, मेरा ही है. गलती भी मेरी ही है."

मालकांना नोटीस गेली. सुनावण्या झाल्या, पावसाळा गेला, आणि दिवाळीच्या सुमारास टाकीवर झाकण बसले. आतला वायू नळीने गोबरगॅसकडे जाऊ लागला. आम्ही तपासायला गेलो तेव्हा काचेवर एक होता. रामदुलारींना आकडा वाचता येत नव्हता. त्यांनी खिडकीच्या दोन्ही झडपा उघडल्या, लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "अब ठीक बता रही है तुम्हारी मशीन."

आता माझा सेल संपला आहे. नवा बसवायची कोणाला आठवण नाही, म्हणून मी कपाटात पडून असतो. शेजारी नवा मापक आला आहे. त्याच्या पाठीवर मॅडमच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, 'पहले बाहर, फिर चालू'. ती पाहिली की मला बरे वाटते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांचे सेल वेळेवर बदला, आम्हाला जपा. आणि एक करा. गावात एखादी तरी जागा अशी राखा, जिथली हवा स्वच्छ आहे. सगळीकडेच घाण झाली, तर तुमचे नाक काही दिवसांत गप्प बसेल, आणि मग त्या नव्या मापकाने आपले शून्य कुठून आणायचे?