बारा हातांवर भिंत

धाकटीने त्या शर्यतीचा फॉर्म भरला तेव्हा मी म्हटलं, "आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. एका दिवसात तीन शिक्षा, आणि गुन्हा काय तर काहीच नाही!"

ती हसली. "सायकल आहे, रस्ता आहे. पाण्याचं तेवढं बघायला हवं, आई."

पाणी घरापासून दहा मिनिटांवर होतं. पन्नास मीटरचा तलाव. तिथे बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीवर मी एकोणीस वर्षं काम केलं. पण तलाव पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या ताब्यात, आणि मास्तरांशी माझं वाकडं.

सहा वर्षांपूर्वी त्या खोलीची किल्ली हरवली. माझ्या हातून काही हरवत नाही, हा माझा तोरा. मास्तरांनी विचारलं तेव्हा चार बायकांसमोर मी म्हटलं, "बायकांच्या खोलीची किल्ली बाईकडे नसेल तर कुणाकडे असेल, हे मला विचारता?" एवढंच. माझ्या जिभेला एवढंच पुरतं. मास्तर पांढरेफटक पडले. आठवड्याभरात आयांनी आपापल्या पोरी त्यांच्याकडून काढून घेतल्या. मी नोकरीला लाथ मारून घरी आले.

मग एक दिवस पिशवी धुवायला काढली, तर फाटक्या अस्तरात किल्ली. काखेत कळसा म्हणतात तो हा. मी ती शिवणाच्या डब्यात बटणांखाली टाकली आणि झाकण लावलं.

धाकटी मास्तरांकडे जाऊन आली. "नाही म्हणाले नाहीत गं. म्हणाले, आईला यायला सांग. चार माणसांत बोलली, तसा चार माणसांत एक शब्द बोलू दे. कसला शब्द?"

"त्याच्या दारात माझं मढंसुद्धा जाणार नाही. शहरात पाण्याचा काय दुष्काळ पडलाय?"

मग पोरगी शहरभर पाणी शोधत फिरली. क्लबात सभासद नसेल तर फाटकातूनच वाटेला लावत. शाळेचा तलाव सुट्टीत कोरडा. इस्पितळातल्या कोमट पाण्यात गुडघे दुखणारे आजोबा दांडी धरून उभे, म्हणाली, "मी पोहले तर लाटेने पडतील." शेवटी शेजारणीच्या ओळखीने एका हॉटेलच्या गच्चीवरचा हौद मिळाला.

"बारा हात मारले की भिंत येते, आई."

"मग वळायचं. त्यात काय मोठंसं!" हे मीच म्हटलं.

चार महिने ती वळत राहिली.

शर्यत मोठ्या सरोवरात होती. मी काठावर उभी राहून तिची पिवळी टोपी बघत होते. दहा, अकरा, बारा, आणि ती थांबली. हात पुढे करून चाचपडली. पुढे नुसतं पाणी. नाकातोंडात गेलं, खोकली, पुन्हा निघाली. पुन्हा बारा, पुन्हा तेच. वेळ संपली तेव्हा तिला होडीत घालून आणलं. घासूनपुसून ठेवलेली सायकल तशीच उभी राहिली.

"डोक्याला कळत होतं गं," ती टॉवेलात तोंड खुपसून म्हणाली. "हाताला कळेना. हात भिंत शोधत होता."

सोमवारी मी किल्ली घेऊन तलावावर गेले. बाकावर बायका बसल्या होत्या, चारांहून जास्तच. मी म्हटलं, "मास्तर, किल्ली माझ्याच पिशवीत होती. चुकलं माझं."

मास्तरांनी ती तळहातावर उलटीपालटी केली. "ते कुलूप कधीच बदललं, बाई." मग ती खिशात टाकून म्हणाले, "पोरीला पाठवा."

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं.

"सापडली कधी?" तिने विचारलं.

"हरवल्यावर आठच दिवसांनी."

ओरडली असती तर मीही ओरडले असते. ते मला येतं. ती उठली, पोहायचा चष्मा आणि टोपी माळ्यावर टाकून आली, आणि माझ्यासाठी चहा टाकला.

आता ती रोज सकाळी सायकल घेऊन बाहेर पडते. रस्ता तलावावरूनच जातो. मास्तर परवा भेटले. "पोरगी आली नाही अजून?"

"येईल," मी म्हटलं. पुन्हा तोऱ्यातच म्हटलं.