लाल अक्षरांचं स्टिकर

"बाबा, आरोहीच्या सीटच्या मागं लाल अक्षरांचं एक स्टिकर होतं. ते कुठाय?"

श्रद्धाचा फोन आला तेव्हा लवू मुंबईच्या विमानतळाबाहेर, शेजारच्या सागरच्या गाडीला टेकून उभा होता. लेक आणि नात आत जाऊन अर्धा तास झाला होता.

"ते होय? काढलं मी," तो म्हणाला. "कडा सुटलेल्या गो त्याच्या. थिनर लावून खरवडलं. डाग म्हणून ठेवला नाय."

पलीकडे विमानतळाची गडबड ऐकू येत होती. मग श्रद्धा हळूच म्हणाली, "बाबा, ही सीट विमानात चालते, असं लिहिलं होतं त्यावर. ते नाही तर सीट आत नेता येणार नाही. सामानात टाका म्हणतायत काउंटरवरच्या बाई."

लवूनं गाडीचं दार घट्ट धरलं.

आरोही तीन वर्षांची. जन्मापासून तिच्या पाठीत जोर नव्हता. नुसती बसवली की एका अंगाला कलंडायची. गाडीत लावायच्या त्या लहान मुलांच्या सीटमध्ये मात्र दोन्ही बाजूंनी आधार मिळायचा, आणि पट्टे आवळले की ती ऐटीत सगळीकडे बघायची. अमेरिकेहून येतानाही श्रद्धानं तिला विमानात त्याच सीटमध्ये बसवून आणलं होतं. जावयाला रजा मिळाली नव्हती, म्हणून मायलेकीच आल्या होत्या.

रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळ लवूचं रिक्षांचे हूड आणि गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. चाळीस वर्षं लोक त्याच्याकडे फाटकं घेऊन येत आणि नवं घेऊन जात. नातीच्या मानेवर घामोळं उठलेलं पाहिलं आणि त्याचे हात शिवशिवले. श्रद्धा आरोहीला घेऊन गणपतीपुळ्याला गेली, त्या दिवशी त्यानं सीट दुकानात नेली. मऊ सुती कापडाचं कव्हर बेतलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या लोडासारख्या गाद्या शिवल्या. मागचं प्लास्टिक पुसून आरशासारखं केलं.

डबा घेऊन आलेली गोदा, त्याची बायको, म्हणाली होती, "अहो, तिला विचारा तरी आधी."

"विचारलं तर नको म्हणेल. झाल्यावर बघू दे."

आणि श्रद्धा खूश झाली होती. आरोहीला त्यात बसवून तिनं नवऱ्याला फोटोही पाठवला होता. सीटच्या मागं कोण कशाला बघतंय?

"त्या बाईंकडे दे फोन," लवू म्हणाला.

काउंटरवरची मुलगी मराठीच निघाली. "काका, तुम्ही खरंच सांगत असाल. पण लेबल नसलं की आम्हाला ती सीट विमानात बसवता येत नाही."

"अहो, सीट तीच हाय! फक्त कापड बदललंय. मी आत येऊन दाखवतो तुम्हाला."

"तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, काका."

तरी तो दारापर्यंत गेलाच. पहारेकऱ्यानं हात आडवा केला. लवू मागं सरला. तेवढ्यात फोनवर पुन्हा श्रद्धा आली.

"पुढच्या आठवड्याचं तिकीट करून देतो म्हणतायत. तोवर सीटच्या कंपनीकडून कागद मागवता येईल."

पुढचा आठवडा. लवूच्या डोळ्यांसमोर अंगणातल्या चटईवर लोळणारी आरोही आली. चार वर्षांनी घरी आलेली लेक आणखी आठ दिवस राहणार. त्याला आनंद झाला. लपवावा हे सुचायच्या आत तो बोलून गेला, "मग राहा की गो! सागर हायच इथं गाडी घेऊन."

 बोलून झाल्यावर लवूला स्वतःच्या आवाजातला आनंद ऐकू आला.

"सोमवारी डॉक्टरांची तारीख आहे, बाबा," श्रद्धा म्हणाली. "सहा महिने थांबून मिळालीय. जायलाच हवं. मी धरीन तिला."

"पंधरा तास?"

"धरीन. तुम्ही निघा आता. अंधाराच्या आत घाट गाठा."

परतीच्या वाटेवर सागर काहीबाही बोलत होता.  पोलादपूरला लवूनं चहा घेतला, तो तसाच निवला. घरी गोदानं विचारलं, "नीट गेल्या ना?" तेव्हा त्यानं लेबलाचं सगळं सांगितलं. राहा म्हटल्याचं मात्र सांगितलं नाही.

दोन दिवस फक्त 'पोचलो' एवढाच निरोप होता. लवू दुकानात गेला. एका रिक्षाचं हूड मापाला घेतलं, दोनदा चुकीचं कापलं, आणि कापड बाजूला सारून बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी श्रद्धाचा व्हिडिओ कॉल आला. डॉक्टरांकडून निघून ती गाडीत बसली होती. तिच्या मागं, गाडीच्या पाठच्या बाजूला, आरोही आपल्या सीटमध्ये गाढ झोपली होती, गाल नव्या गादीवर.

"बघा, कशी झोपलीय. मान जरा ढळत नाही. शिवण झकास झालीय हां, बाबा."

लवूचं लक्ष दुसरीकडेच होतं. फोन तिनं डाव्या हातात धरला होता. उजव्याला कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी गुंडाळलेली होती.

"हाताला काय झालं गो?"

"काही नाही ओ. उतरायच्या वेळी विमान हलत होतं. ती पुढं जायला लागली, तशी आवळून धरली. शीर दुखावलीय. होईल बरं."

"माझी चूक झाली," लवू म्हणाला. "आणि तुला राहा म्हटलं ना मी, तेव्हा..."

"कळलं होतं मला, बाबा." ती खिडकीबाहेर बघत होती. "विचारायचं होतंत ओ एकदा. मी काय नको म्हटलं असतं?"

 "चला, निघते. नंतर करते," असं म्हणून तिनं फोन मांडीवर टाकला. एका हातानं तिला तो बंद करता आला नसेल, किंवा राहून गेला असेल. पडद्यावर आता नुसतं गाडीचं छत दिसत होतं, राखाडी कापडानं मढवलेलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, छत थरथरलं. लवू दुकानात, न कापलेल्या रेक्झिनवर बसून ते छत बघत राहिला. त्यानंही फोन बंद केला नाही.