चेहऱ्यावरचं तेज

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर रक्षा देणाऱ्या बुवाबाबांशेजारी माझा धाकटा भाऊ उभा होता, चेहरा गोल गरगरीत.

"बघा याचं तेज!" बाबा माइकवर गरजले. "दिवसातून बारा वेळा रक्त पडायचं. डॉक्टर म्हणाले, जन्मभर गोळ्या! मी म्हटलं, फेकून दे. चिमूटभर रक्षा घे. पंधरा दिवसांत आतडं कोरं करकरीत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आई रडत होती. खोटं कशाला बोलू, मीही रडले. आठ वर्षं मोठ्या आतड्याच्या सुजेनं त्याला छळलं होतं. छापखान्यात मालकानं त्याचं मशीन संडासाजवळ हलवलं, तर सोबतचे त्यावरही दात काढायचे.

मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. घरी आल्यावर म्हटलं, "आजार शांत असला तरी रोजच्या गोळ्या सोडायच्या नसतात रे."

"ताई, तुझं दुकान बसेल म्हणून पोटात दुखतंय तुझ्या," तो म्हणाला.

चौथ्या महिन्यात बाबांनी श्रद्धेची परीक्षा काढली. रक्षा एकदम बंद! आठवड्यात भाऊ संडासातच कोसळला. ताप, फुगलेलं पोट आणि नुसतं रक्त.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा चेहरा पाहिला. "स्टिरॉइड कोण देत होतं? तेज कसलं, सूज आहे ही. स्टिरॉइडनं रक्त थांबतं, भूक लागते, चेहरा गोल होतो. पण ते हळूहळू कमी करायचं असतं. एकदम थांबवलं तर जिवावर बेततं."

मी उरलेली पुडी उघडली. राखेत नीट न कुटलेला गोळीचा तुकडा निघाला. त्यावरचा छाप मी लगेच ओळखला. हीच गोळी बाबांचा चेला दर आठवड्याला माझ्याकडून डबाभर न्यायचा. "कुत्र्याला खरूज आहे," म्हणायचा. जनावरांच्या डॉक्टरची चिठ्ठी वर्षापूर्वीची, पण गिऱ्हाईक नेहमीचं, म्हणून मी देत राहिले. अहो, कुत्रा होता की हत्ती?

पुडी, चिठ्ठी आणि माझी चूक घेऊन मी पोलिसांत गेले. तोवर भावाचं मोठं आतडं काढावं लागलं होतं. आता मळ गोळा करायला पोटाला पिशवी लावलेली आहे. बाबा म्हणतात, श्रद्धा कमी पडली. आई अजूनही मान डोलावते.

"ताई, तूच दिल्यास त्या गोळ्या?" भावानं विचारलं.

"हो."

तो भिंतीकडे वळला.

पुडीत काय आहे, हे त्यानं विचारलं नाही, कारण तो दुखण्याला विटला होता. विचारणं हे माझं तर कामच होतं. तुम्ही तरी विचारा. जो सांगणार नाही, त्याच्या हातचं काही घेऊ नका, आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.