मोठा कधी झाला

नगरात १९४६ साली गहिनीनाथ मास्तर मॅट्रिकला इंग्रजी शिकवायचे. धड्यातल्या एका गोष्टीतला पोरगा वादळात एकटाच होडी घेऊन जातो नि परततो. तो मोठा कधी झाला, असं त्यांनी परीक्षेत विचारलं. साऱ्या वर्गानं मास्तरांचंच उत्तर उतरवलं: वादळात. बद्रुन्निसानं मात्र लिहिलं, ‘घरी आल्यावर आईनं कुठं होतास असं विचारलं नाही, तेव्हा.’ मास्तरांनी चिडून भोपळा दिला.

त्या संध्याकाळी त्यांना घरी यायला उशीर झाला. म्हाताऱ्या मुक्ताबाईंनी मुकाट्यानं ताट वाढलं.

“आई, कुठं होतो विचारलं नाहीस?”

“कर्त्या मानसाला कोन इचारतं? तुझा बाप गेला तवापासनं न्हाई इचारलं.”

बाप गेला तेव्हा मास्तर बारा वर्षांचे होते. त्यांनी ताट बाजूला सारून बद्रुन्निसाची वही काढली.