हुसैनमियाँच्या पलंगावरचा दोर

विमानाला अजून वेळ आहे, तेवढ्यात बोलून घेतो. मी दोर. निळा, नायलॉनचा, सध्या मस्कतच्या विमानतळावर एका कार्टनला आवळून बसलेला.

मस्कतजवळच्या सीबच्या सुकातून, म्हणजे बाजारातून, २०१४ साली मला हुसैनमियाँनी विकत घेतलं. मूळचे रत्नागिरीचे, आयुष्य इथल्या कापडदुकानात गेलं आणि आता कायमचे घरी निघाले होते. आखातातल्या माणसाचा टेपवर भरवसा नसतो. कार्टनला टेप, त्यावर दोर, दोरावर पुन्हा टेप. आत काय? दूध पावडर, साबण, ब्लँकेट. हे सगळं रत्नागिरीत मिळतं, असं त्यांना सांगण्याचं धाडस कुणी करत नाही.

पण दुसरं कार्टन काढायला ते स्टुलावर चढले आणि पडले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, तिकिटं रद्द झाली. घरी आले ते पलंगालाच चिकटले. डॉक्टर म्हणाले, आधी स्वतःचं स्वतः उठून बसा, मग विमानाचं बघू. हे काही उठेनात. अमीरुन्निसाबी नवऱ्याच्या पाठीखाली हात घालून त्यांना उचलायच्या. स्वतःची कंबर धरलेली असली तरी.

शेजारची फेलिशिया वसईची, पेशाने नर्स. तिने हे पाहिलं.

"चाची, असंच उचलत राहिलात तर दुसरा पलंग तुमच्यासाठी लावावा लागेल."

तिने कोपऱ्यातून मला घेतलं, पकडायला गाठी मारल्या. मुलाने, शाहबाजने, घरमालक अर्बाबला न विचारता छतात हूक ठोकला. मी पलंगावर लोंबू लागलो.

"मी काय म्हैस आहे, दोर बांधायला?" हुसैनमियाँ भडकले.

"म्हैस ऐकते, चाचा. आणि ही युक्ती माझी नाही. साडेसहाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये गी द शोलियाक म्हणून सर्जन होता. आमच्या तीन पोपांचा डॉक्टर. मांडी मोडली की पायाला दोर बांधून कप्पीवरून शिशाचं वजन सोडायचा. आणि पलंगावर दुसरा दोर, रुग्णाला आपलं आपण हलता यावं म्हणून."

मी ताठलो. कार्टनं बांधणारं आमचं कूळ, त्यात एकदम फ्रान्स निघालं!

"फिरंग्याचं कौतुक मला नको सांगूस."

"त्याच्या ग्रंथात अरब हकिमांची नावं किती वेळा येतात, ठाऊक आहे?"

हुसैनमियाँची मान वळली. फेलिशिया लगेच उठली. "पुढचं उद्या. बसून ऐकणार असाल तर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला धरलं आणि सोडून दिलं. घरच्यांना वाटलं, हट्ट. मला मात्र खरं कळलं. सोडण्याआधी त्यांनी पलंगाची कड आणि खालची फरशी पाहिली होती.

फेलिशिया तरीही सांगायला बसली. "त्याच्या गावात प्लेग आला. कितीतरी वैद्य पळाले. गी राहिला."

"शूर असेल."

"छे! सतत भीती वाटत होती, पण बदनामी होईल म्हणून पळालो नाही, असं त्यानेच लिहिलंय. शेवटी त्यालाही प्लेग झाला. सगळ्यांना वाटलं, हा आता जातो. पण वाचला, आणि मग म्हातारपणी तो मोठा ग्रंथ लिहिला."

"घाबरला होता, आणि लिहूनही ठेवलं?" हुसैनमियाँ म्हणाले. मग बायकोकडे न बघता, "अमीरुन, मला वाटतं मी पुन्हा पडेन."

अमीरुन्निसाबींनी जुनी ओढणी फाडली आणि माझ्या गाठींवर गुंडाळली, नवऱ्याच्या हाताला रुतू नयेत म्हणून.

"पडा. मी आहे इथेच. जाणार कुठे? तिकीट माझंही रद्द झालंय."

हुसैनमियाँ हसले आणि त्यांनी मला ओढलं. आमच्या कुळाने कार्टनं पुष्कळ पेलली, पण इतकं ओझं कधी आलं नव्हतं. हूक करकरला. ते बसले. अमीरुन्निसाबींचे हात पाठीमागे तयार होते, लागले नाहीत.

आता ते काठी घेऊन चालतात. काल शाहबाजने कार्टनसाठी नवा दोर आणला, तर अमीरुन्निसाबी म्हणाल्या, "हाच बांध." ओढणीची पट्टी अजून माझ्या अंगावर आहे.

रत्नागिरीच्या मंडळींना एकच विनंती. कार्टन दिसलं की तुम्ही सुरी शोधता, मला ठाऊक आहे. जरा थांबा. हुसैनमियाँना हाताने गाठी सोडू द्या आणि मला अख्खा ठेवा. घरी पलंग आहे, आणि अमीरुन्निसाबींची कंबर अजून दुखते.