निळा तोबित

आर्नाउट चित्रकाराची दृष्टी परत आली आणि त्याच दिवशी त्याच्या डोक्याला नवा ताप झाला.

तीन वर्षं मोतीबिंदूनं त्याचं सगळं जग पिवळं करून ठेवलं होतं. फिरत्या वैद्यानं सुईनं तो पडदा खाली ढकलला, सहा आठवड्यांनी जाड भिंगाचा चष्मा नाकावर बसला, आणि गडी पहिल्यांदा कुठं गेला? देवळात जाऊन देवाचे आभार मानायचे सोडून थेट म्हाताऱ्यांच्या आश्रमात, स्वतःचं चित्र बघायला! बायको लिस्बेत मागून धावतेय, त्याचं याला भानच नाही.

दृष्टी जात असतानाच त्यानं ते मोठं तैलचित्र रंगवून आश्रमाला दिलं होतं. बायबलातला आंधळा तोबित खुर्चीत बसलाय, मुलगा त्याच्या डोळ्यांत माशाचं पित्त घालतोय, आणि बापाला दिसायला लागलंय. दोन वर्षं ते जेवणघरात टांगलेलं होतं. दर गुरुवारी आर्नाउट येऊन त्याच्यासमोर मान ताठ करून उभा राहायचा, आणि म्हातारे म्हणायचे, "मास्तर, काय हात आहे तुमचा!"

आज त्यानं चष्म्यातून बघितलं. तोबित निळा. मुलगा निळा. भिंत, मासा, कुत्रा, सगळं निळंशार. डोळ्यांना जे ते पिवळं दिसायचं, म्हणून हा बहाद्दर वर निळा थापत गेला होता.

"उतरवा ते!" तो कडाडला. "आत्ताच्या आत्ता चुलीत घालतो. गावभर हसं झालं माझं!"

म्हातारे वाटाण्याच्या सूपमध्ये बघत बसले. आर्नाउट लिस्बेतकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"मला काय डोळे नव्हते? अहो, तुमच्या निळ्यात चोरून खडू मिसळत होते मी. नाहीतर याहून निळा झाला असता बिचारा."

"मग बोलली का नाहीस?"

"दिवसभर तोंड पाडून बसायचात. हातात ब्रश आला की तेवढंच माणसात यायचात. तेवढंही काढून घेऊ?"

तो रागारागानं बाकावर चढला आणि चौकटीला हात घातला.

"नेतोस तर ने बाबा," कोपऱ्यातून यास्पर म्हणाला. यास्पर जन्माचा आंधळा. "पण आधी मला सांग, त्यात आहे तरी काय? ही मंडळी रोज सांगतात, पण काल कुत्रा पांढरा होता, परवा तांबडा. एकालाही धड खोटं बोलता येत नाही."

"कुत्रा निळा आहे."

"अरे देवा! आणि माणसं?"

"तीही निळी. गारठून मेल्यासारखी."

"बरं, मग? करताहेत काय?"

आता सांगायचं तर नीट बघणं आलं. आर्नाउटनं बघितलं. "मुलगा वाकलाय. म्हाताऱ्याला झोंबतंय, तो तडफडतोय. आणि मागं बायको उभी आहे. तिनं त्याचं डोकं छातीशी धरलंय. घट्ट. तो ओरडतोय, तरी सोडत नाही."

त्यानं वळून लिस्बेतकडे बघितलं. वैद्याची सुई डोळ्यात शिरली तेव्हा लिस्बेतनं त्याला अगदी असंच धरलं होतं. त्यानं तिला शिव्या घातल्या होत्या, तिच्या हातात नखं रुतवली होती, तरी ती तसूभर हलली नव्हती.

"तेवढं तरी जमलंय का?" यास्परनं विचारलं.

"जमलंय," आर्नाउट म्हणाला. "तेवढंच खरं जमलंय."

तो बाकावरून उतरला आणि तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यानं चारचौघांत बायकोचा हात धरला. "लिस्बेत, तुझे उपकार मी या जन्मात फेडू शकणार नाही. आणि तुम्ही रे, लबाडांनो! दोन वर्षं तोंडावर खोटं बोललात. देव तुमचं कल्याण करो."

"पुरे झालं आता, लोक बघताहेत," लिस्बेत म्हणाली. पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

"म्हणजे चित्र राहतंय ना?" यास्परनं विचारलं.

"राहतंय," आर्नाउट म्हणाला. "सरक जरा. आम्हा दोघांना बसू दे."